बंद खोलीतले बोलणे : मानवतावादी मानसशास्त्र आणि समुपदेशन व्यवसायाची जडणघडण

विसाव्या शतकातील मानसशास्त्राचा इतिहास पाठ्यपुस्तकांत बहुधा तीन प्रवाहांच्या रूपात मांडला जातो : वागण्याची मुळे अबोध मनात आणि बालपणीच्या संघर्षांत शोधणारे फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषण, मनाचा विचार बाजूला ठेवून केवळ दिसणारे वर्तन आणि त्याला मिळणारे प्रबलन मोजणारा वर्तनवाद, आणि या दोहोंना उत्तर म्हणून अमेरिकेत उभे राहिलेले मानवतावादी मानसशास्त्र, ज्याला अब्राहम मॅस्लो यांनी ‘तिसरी शक्ती’ म्हटले. ही मांडणी चुकीची नाही; पण तिच्यामुळे मानवतावादी दृष्टिकोन म्हणजे माणसाच्या चांगुलपणावर श्रद्धा ठेवणारे एक उदार, काहीसे भाबडे तत्त्वज्ञान, असा समज रूढ झाला आहे. या दृष्टिकोनाचा सर्वांत टिकाऊ भाग प्रत्यक्षात एका व्यवसायाच्या रोजच्या कामातून घडला, आणि ते काम कठोर शिस्तीचे होते. तो व्यवसाय म्हणजे समुपदेशन, आणि त्याला आजचे रूप देणारे कार्ल रॉजर्स यांचे पहिले मोठे पाऊल म्हणजे उपचाराच्या बंद खोलीत मायक्रोफोन ठेवणे.

समुपदेशनाचा उगम उपचारात नाही, तर नोकरीच्या शोधात आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टन शहरात व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा शहरात नव्याने आलेल्या तरुणांची कुवत आणि आवड तपासून त्यांना योग्य काम सुचवणे एवढाच त्याचा हेतू होता. पुढे महायुद्धांच्या काळात मानसशास्त्रीय चाचण्यांचा प्रसार झाला आणि विद्यापीठांतील सल्लागार चाचणी घेऊन, निष्कर्ष काढून, विद्यार्थ्याने काय करावे हे सांगू लागले. दुसरीकडे विल्यम हीली यांनी १९०९ मध्ये शिकागोत बालगुन्हेगारांच्या अभ्यासाचे काम आरंभले, आणि त्यातून बालमार्गदर्शन केंद्रांची परंपरा वाढली. मनोविकारांवरील उपचार मात्र वैद्यकीय पदवीधारकांच्या हाती होता. मानसशास्त्रज्ञाने चाचणी घ्यावी, अहवाल लिहावा आणि उपचार डॉक्टरांवर सोडावा, अशी कामाची वाटणी ठरून गेली होती. रॉजर्स यांनी आपल्या कामाला ‘समुपदेशन’ म्हणण्यामागे ही वाटणी हे एक व्यावहारिक कारण होते.

रॉजर्स यांचा जन्म ८ जानेवारी १९०२ रोजी शिकागोजवळच्या ओक पार्क येथे एका कर्मठ प्रोटेस्टंट कुटुंबात झाला. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेले, आणि तेथे वडिलांनी शास्त्रीय पद्धतीने चालवलेल्या शेतीतून, खाद्याचे आणि बियाण्यांचे प्रयोग कसे करतात, तुलनेसाठी वेगळा गट का राखतात, हे या मुलाला लहानपणीच कळले. पुढे कृषी, इतिहास आणि धर्मशास्त्र असा प्रवास करत, १९२२ मध्ये एका ख्रिस्ती विद्यार्थी परिषदेसाठी केलेल्या चीनच्या दौऱ्यात घरच्या धर्ममतांपासून दूर होत, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राकडे आले. शेतावरचा प्रयोगशील मुलगा आणि धर्मोपदेशक होऊ घातलेला तरुण हे दोघेही त्यांच्या पुढच्या कामात शेवटपर्यंत दिसत राहतात.

१९२८ ते १९४० अशी बारा वर्षे रॉजर्स यांनी रॉचेस्टर येथे, मुलांवरील क्रूरता रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या बाल-अभ्यास विभागात काढली. न्यायालयाने किंवा समाजसेवी संस्थांनी पाठवलेली, बिघडलेली ठरवलेली मुले तेथे येत. या काळातले काही अनुभव त्यांनी पुढे स्वतः नोंदवले आहेत. आगी लावणाऱ्या एका मुलाच्या बाबतीत त्यांनी हीली यांच्या सिद्धांतानुसार दडपलेल्या लैंगिक प्रेरणेपर्यंत माग काढला आणि प्रश्न सुटला असे मानले. मुलगा सुटून बाहेर गेला आणि त्याने पुन्हा आग लावली. दुसऱ्या एका प्रकरणात, आई मुलाला लहानपणापासून नाकारत आली आहे, हे निदान पक्के होते, आणि रॉजर्स मुलाखतीमागून मुलाखतीत ते आईच्या गळी उतरवण्याचा संयमी प्रयत्न करत होते. काही साधत नाही हे पाहून दोघांनी काम थांबवायचे ठरवले. निरोप घेऊन दारापर्यंत गेलेली ती बाई वळली आणि येथे मोठ्या माणसांनाही मदत करतात का, असे तिने विचारले. होकार मिळताच ती पुन्हा खुर्चीत बसली आणि आपल्या संसाराची, पतीशी तुटत चाललेल्या नात्याची, स्वतःच्या हरलेपणाची कहाणी सांगू लागली. त्या क्षणापर्यंत तिने सांगितलेल्या कोरड्या ‘केस हिस्टरी’शी या बोलण्याचे काहीही साम्य नव्हते. कोठे दुखते आहे, कोणत्या दिशेने जायचे आहे हे येणाऱ्या माणसालाच ठाऊक असते, आणि आपली हुशारी दाखवण्याची गरज नसेल तर मदत करणाऱ्याने त्याच्यावर विसंबावे, हा निष्कर्ष रॉजर्स यांनी येथून काढला. १९३६ मध्ये ऑटो रँक यांनी रॉचेस्टरला दिलेली व्याख्याने आणि उपचारातील नात्यालाच महत्त्व देणाऱ्या जेसी टॅफ्ट यांचे लेखन यांनी या निष्कर्षाला सैद्धांतिक आधार पुरवला.

ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर ११ डिसेंबर १९४० रोजी रॉजर्स यांनी मिनेसोटा विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात सल्ला देणे, समजूत घालणे, निदान ऐकवणे या प्रचलित पद्धतींवर टीका केली आणि मदत घेणाऱ्याच्या भावनांना प्रतिसाद देणारी वेगळी पद्धत मांडली. मिनेसोटा हे चाचण्यांवर आधारलेल्या मार्गदर्शनाचे नावाजलेले केंद्र होते, त्यामुळे तेथे मोठी खळबळ उडाली; रॉजर्स स्वतः हाच दिवस आपल्या उपचारपद्धतीचा जन्मदिवस मानत. सुरुवातीला ‘अनिर्देशक’, म्हणजे दिशा न देणारी, या नावाने ओळखली गेलेली ही पद्धत पुढे ‘सल्लार्थी-केंद्रित’ आणि अखेरीस ‘व्यक्तिकेंद्रित’ झाली.

याच काळात ओहायोत जे घडले त्याचे महत्त्व व्याख्यानापेक्षा मोठे आहे. तोवर उपचाराच्या खोलीत काय बोलले जाते याचा एकमेव पुरावा म्हणजे उपचारकाने नंतर आठवून लिहिलेले टिपण. फ्रॉइड यांची बहुतेक प्रसिद्ध प्रकरणे अशीच लिहिलेली आहेत. रॉजर्स आणि त्यांचा विद्यार्थी बर्नार्ड कोव्हनर यांनी मुलाखतीच्या खोलीत मायक्रोफोन ठेवून शेजारच्या खोलीतील यंत्रांवर संपूर्ण संभाषण तबकड्यांवर उतरवण्याची व्यवस्था केली. चुंबकीय फीत तेव्हा उपलब्ध नव्हती, तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम काही मिनिटांचे बोलणे मावत असे, म्हणून दोन यंत्रे आळीपाळीने चालवावी लागत आणि नंतर प्रत्येक तबकडी पुन्हा पुन्हा ऐकून शब्दन्‌शब्द उतरवून काढावा लागे. या खटाटोपातून पहिली गोष्ट कळली ती अशी की, उपचारकांनी आठवणीने लिहिलेल्या अहवालांत प्रत्यक्ष बोलण्यातला मोठा भाग गळून पडलेला असे. दुसरी गोष्ट याहून बोचरी होती : आपण ऐकून घेतो असे मनापासून मानणारे समुपदेशकही तबकडीवर मध्येच तोडताना, विषय वळवताना, न विचारलेले सल्ले देताना ऐकू येत. पोर्टर या विद्यार्थ्याने अशा मुलाखतींतील शब्द मोजले, तेव्हा निर्देशक समुपदेशक अनिर्देशक समुपदेशकाच्या सुमारे सहापट शब्द वापरतो, असे आढळले. ज्याचा प्रश्न आहे त्याला बोलायला जागा किती मिळते, हा तोवर वृत्तीचा आणि सौजन्याचा समजला जाणारा मुद्दा येथे प्रथमच मोजता आला.

१९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉजर्स यांच्या समुपदेशन आणि मानसोपचारावरील ग्रंथाचा शेवटचा, सुमारे पावणेदोनशे पानांचा भाग म्हणजे ‘हर्बर्ट ब्रायन’ हे टोपणनाव दिलेल्या एका तरुणाच्या आठ मुलाखतींचा जसाच्या तसा वृत्तांत आहे. मानसोपचाराचे एक पूर्ण प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत शब्दशः छापले जाण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यातील प्रत्येक उद्गाराला क्रमांक आहे, आणि तळटिपांत रॉजर्स समुपदेशकाच्या चुका दाखवत जातात : येथे त्याने भावनेऐवजी आशयाला उत्तर दिले, येथे तो घाईने पुढे गेला, येथे त्याचा प्रश्न अनावश्यक होता. आतून काहीतरी अडल्यासारखे वाटते, कामात आणि माणसांत मोकळेपणा येत नाही, अशी तक्रार घेऊन आलेला ब्रायन आधी आपल्या अडचणीचे पुस्तकी विश्लेषण ऐकवतो आणि मग हळूहळू, ही अडचण आपल्याला कोठेतरी सोयीची आहे, या जाणिवेपर्यंत स्वतःच्या पायांनी येतो. ज्या व्यवसायात गोपनीयतेच्या आड कौशल्य आणि अकौशल्य दोन्ही झाकले जात होते, त्या व्यवसायाने वाचकासमोर अशी हिशेबवही उघडून ठेवावी, याचे धाडस आज नीट लक्षात येत नाही.

युद्धोत्तर परिस्थितीने या कामाला वेग दिला. लाखो सैनिक परतत होते, मनोविकारतज्ज्ञ अपुरे होते, आणि माजी सैनिकांसाठीच्या सरकारी यंत्रणेने १९४६ पासून चिकित्सा मानसशास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणाला अर्थसाहाय्य सुरू केले. कमी अवधीत शिकता येणारी आणि लांबलचक निदानावर न अडणारी पद्धत हवी होती, ती रॉजर्स यांच्याकडे होती. १९४५ मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले आणि तेथे त्यांनी समुपदेशन केंद्र उभारले. विद्यापीठाच्या मनोविकार विभागाच्या प्रमुखांनी, हे लोक परवान्याविना वैद्यकी करतात, असा आक्षेप घेऊन ते बंद पाडण्याचा प्रयत्न केला, पण तो टिकला नाही. डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित माणसाने मनाच्या दुखण्यात मदत करावी, ही आज गृहीत धरलेली गोष्ट तेव्हा अशी लढून मिळवावी लागली.

शिकागोतील संशोधनाची एक रीत जवळून पाहण्यासारखी आहे. विल्यम स्टीफन्सन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत, ‘मी सहज मैत्री करतो’ अशा धर्तीची स्वतःविषयीची शंभर विधाने शंभर कार्डांवर लिहिलेली असत; सल्लार्थी ती कार्डे ‘मला अगदी लागू’पासून ‘अजिबात लागू नाही’पर्यंतच्या गठ्ठ्यांत आधी आपण जसे आहोत तशी आणि मग आपल्याला जसे व्हावेसे वाटते तशी लावत असे. पहिली मांडणी म्हणजे त्याची आत्मसंकल्पना, दुसरी म्हणजे आदर्श ‘स्व’, आणि या दोहोंतील साम्य सहसंबंध गुणांकाने मोजता येत असे. त्यात पूर्ण जुळणीला १ आणि काहीच नाते नसल्यास शून्य. बटलर आणि हेग यांच्या अभ्यासात उपचारापूर्वी हे सरासरी साम्य उणे ०.०१, म्हणजे जवळजवळ शून्य होते, उपचारानंतर ते ०.३४ झाले, उपचार न घेणाऱ्या तुलनागटात ते ०.५८ वरून ०.५९ एवढेच हलले. जे कोणाच्या हाती लागणार नाही असे वर्तनवादी म्हणत, ते माणसाचे स्वतःविषयीचे मत असे कार्डांच्या गठ्ठ्यांत पकडले गेले. शेतावरच्या तुलनागटाची शिस्त येथे उपयोगी पडली, असे म्हणायला हरकत नाही. रॉजर्स व डायमंड यांनी संपादित केलेला या अभ्यासांचा ग्रंथ १९५४ मध्ये आला, आणि १९५६ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने वैज्ञानिक योगदानाचे आपले पहिले पुरस्कार दिले, तेव्हा वोल्फगांग कोलर आणि केनेथ स्पेन्स यांच्या जोडीला रॉजर्स होते.

१९५७ च्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी उपचारातील बदलासाठी ‘आवश्यक आणि पुरेशा’ सहा अटी मांडल्या. त्यांपैकी उपचारकाशी संबंधित तीन पुढे पाठ्यपुस्तकांत स्थिरावल्या : आत एक आणि बाहेर एक असे न वागण्याची सुसंगती, समोरच्या माणसाला कोणतीही अट न घालता मोलाचे मानणारा विनाअट सकारात्मक स्वीकार (ही संज्ञा त्यांचा विद्यार्थी स्टॅनली स्टँडल याची), आणि दुसऱ्याचे जग जणू आपलेच आहे असे, पण तो ‘जणू’ न विसरता, अनुभवणारी समानुभूती. निबंधात निदान, सिद्धांत आणि पदवी यांना बदलाच्या अटींमध्ये स्थान नव्हते, आणि ‘पुरेशा’ या शब्दावरचा वाद अजूनही मिटलेला नाही. त्या शब्दाची पहिली कसोटी रॉजर्स यांनी स्वतःच घेतली. विस्कॉन्सिन विद्यापीठात जाऊन त्यांनी मेंडोटा येथील सरकारी मनोरुग्णालयात छिन्नमनस्कतेच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या, रुग्णांवर हीच पद्धत वापरून पाहिली. संशोधकांत तंटे झाले, माहितीचा काही भाग गहाळ होऊन गुणांकन पुन्हा करावे लागले, आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष निराशाजनक होते : उपचार मिळालेला गट एकंदरीत तुलनागटापेक्षा फारसा पुढे गेला नव्हता, मात्र ज्यांच्या उपचारकांत समानुभूती अधिक आढळली ते रुग्ण तुलनेने सुधारले होते. हा मर्यादित निष्कर्ष मूळ दाव्याहून लहान आहे. आणि ज्या प्रयोगाने आपला दावा लहान होतो तो प्रयोग करून छापणे ही या परंपरेची उंची आहे.

तोवर चळवळ मात्र दुसऱ्या वाटेला लागली होती. मॅस्लो आणि अँथनी सुटिच यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये मानवतावादी मानसशास्त्राचे नियतकालिक निघाले, पाठोपाठ संघटना उभी राहिली, आणि १९६४ मध्ये कनेक्टिकट राज्यातील ओल्ड सेब्रुक येथील परिषदेत मॅस्लो, रॉजर्स, रोलो मे, गॉर्डन ऑलपोर्ट, शार्लट ब्यूलर प्रभृतींनी तिला वैचारिक रूप दिले. मॅस्लो यांचे योगदान विचारांच्या पातळीवर मोठे आहे. आजारी माणसांऐवजी निरोगी आणि सर्जनशील माणसांचा अभ्यास करावा, ही त्यांची सूचना मानसशास्त्राची दृष्टी बदलणारी होती. १९४३ च्या त्यांच्या गरजांच्या सिद्धांताला व्यवस्थापनाच्या पुस्तकांनी पिरॅमिडचे चित्र दिले, ते त्यांनी स्वतः कधी काढले नव्हते. पण समुपदेशकाने खोलीत काय करावे, याविषयी त्यांच्याकडून फारसे काही मिळत नाही.

१९६२ मध्ये मायकेल मर्फी आणि रिचर्ड प्राइस यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्थापन केलेली एसालेन ही संस्था या चळवळीचे तीर्थक्षेत्र बनली. मर्फी यांनी त्याआधी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात वास्तव्य केले होते. दहा-पंधरा अनोळखी माणसांनी काही दिवस एकत्र बसून एकमेकांशी मुखवट्याविना बोलण्याचे जे गट, ते ‘एन्काउंटर ग्रुप’ या नावाने येथून जगभर पसरले. रॉजर्सही कॅलिफोर्नियातील ला होया येथे गेल्यावर गटांकडे वळले, पण त्यांच्या गटात चालक मागे राहत असे. इतरत्र तसे राहिले नाही, आणि याचा सर्वांत ठळक दाखला महाराष्ट्रात सापडतो. १९७४ मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात रजनीश आश्रम सुरू झाल्यावर लंडन आणि कॅलिफोर्नियातील अनेक गटचालक तेथे आले, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य तरुणांसाठी आश्रमात अशा गटांचा मोठा कार्यक्रम चालू होता. त्यांतील काही गटांत मारामारीपर्यंत मजल जात असे. १९७८ च्या सुमारास एसालेनचे संस्थापक प्राइस स्वतः पुण्यात येऊन गटात बसले, त्यातील हिंसा पाहून बाहेर पडले, आणि त्यांनी आपला निषेध नोंदवला. १९७९ मध्ये आश्रमाने असे प्रकार थांबवल्याचे जाहीर केले. ज्या पद्धतीचा प्रारंभ, मदत करणाऱ्याने आपला अधिकार खाली ठेवावा, या आग्रहाने झाला होता, तिच्याच नावाने दुसऱ्याने कशातून जायचे हे ठरवण्याचा अधिकार गटचालकाच्या हाती परत गेला होता. चळवळीच्या या भागाबद्दल सौम्य बोलण्याचे कारण नाही.

तबकडीची परंपरा उलट्या बाजूने चालू राहिली, आणि तिने रॉजर्स यांनाही सोडले नाही. चार्ल्स ट्रूआक्स यांनी १९६६ मध्ये रॉजर्स यांच्याच एका दीर्घ, यशस्वी उपचाराच्या ध्वनिमुद्रणातील उतारे तपासून दाखवले की, त्यांचा स्वीकार पूर्णपणे विनाअट नव्हता. सल्लार्थीच्या काही प्रकारच्या बोलण्याला त्यांचा प्रतिसाद अधिक उबदार असे आणि तशा बोलण्याचे प्रमाण पुढे वाढत जाई, म्हणजे वर्तनवादी स्किनर ज्याला प्रबलन म्हणत ते नकळत चालू होते. त्याच वर्षी एमआयटीतील जोसेफ वायझेनबाउम यांनी रॉजर्स-पद्धतीच्या उपचारकाची नक्कल करणारा ‘एलायझा’ हा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. समोरच्याचे वाक्य प्रश्नरूपाने परत करण्यापलीकडे तो फारसे काही करत नसे, तरीही लोक त्याच्याशी मन मोकळे करू लागले, आणि याचा धक्का खुद्द वायझेनबाउम यांनाच बसला. आपली पद्धत अशी वाक्ये परत करण्याच्या युक्तीवर आणली गेली, याचे रॉजर्स यांना दुःख होते आणि समानुभूतीविषयी आपण काही वर्षे जवळजवळ बोललोच नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. उत्तरायुष्यात ते बेलफास्टमधील कॅथलिक-प्रोटेस्टंट आणि दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय-गोरे अशा दुभंगलेल्या समाजांतील माणसांचे गट घेत राहिले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात आज शाळांत, रुग्णालयांत आणि १९८४ च्या कायद्याने आलेल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशकाची खुर्ची आहे, आणि तिच्यावर बसणाऱ्या बहुतेकांनी रॉजर्स यांच्या तीन अटी परीक्षेसाठी पाठ केलेल्या असतात. पाठ केलेल्या अटींनी कान तयार होत नाही. ज्यांना हे काम मनापासून शिकायचे आहे त्यांनी हर्बर्ट ब्रायनच्या आठ मुलाखती तळटिपांसह वाचाव्यात. ज्यांना शिकवायचे आहे त्यांनी, बोलणाऱ्याची संमती घेऊन आणि ओळख झाकून, मराठीतून झालेल्या मुलाखती तितक्याच शब्दशः उतरवाव्यात, आणि त्यांतील स्वतःच्या चुकांखाली तळटिपा लिहाव्यात.